चार कॉइल आणि उस्तादांचा कान

या जगात डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी एकच गोष्ट शिल्लक आहे, आणि ती म्हणजे उस्तादांचा कान. हे गॅरेजचे जुने गिऱ्हाईक असलेल्या प्राचार्यांचं मत होतं. प्राचार्यांनी हेच वाक्य त्याच घोगऱ्या गांभीर्याने आपल्या पोटाच्या डॉक्टरबद्दल, चष्मेवाल्याबद्दल आणि निवृत्तीच्या समारंभात तर खुद्द स्वतःबद्दलही उच्चारलं होतं. त्यामुळे जगात शिल्लक असलेल्या एकमेव गोष्टींची संख्या तशी बरीच होती.

पण उस्तादांचा कान ही नुसती प्राचार्यांची थाप नव्हती. एके काळी तो कान खरोखरच होता. इंजिन चालू ठेवून उस्ताद त्यावर असे वाकत, की जणू आतून कोणी खाजगी काहीतरी सांगतंय. मग एका हाताने ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत आणि एका जागी थांबत. त्या जागी इंजिनाची कुरकुर मिटलेली असे. दुसऱ्या गॅरेजांमधून रडत आलेल्या गाड्या इथून गप्प बसून घरी जात.

यातूनच गॅरेजात एक रीत पडली होती. कुठल्याही गाडीचं काम संपलं की शेवटी उस्ताद यायचे. ते येताना दिसले की कंप्रेसर बंद व्हायचा, ग्राइंडर बंद व्हायचा, डेंटर हातोडा खाली ठेवायचा आणि रेडिओवर कोणी कितीही आर्त स्वरात गात असलं तरी त्याचा गळा दाबला जायचा. याला गॅरेजात ‘कान लावणं’ म्हणत. उस्ताद ऐकायचे, डिस्ट्रिब्युटर फिरवायचे, ‘झालं’ म्हणायचे, आणि मगच बॉनेट खाली यायचं. कान न लागलेली गाडी या गॅरेजातून आजवर बाहेर पडली नव्हती. घाई असलेली गिऱ्हाइकंसुद्धा त्या मिनिटभरात गप्प उभी राहत. काही जण तर हातातली सिगरेट विझवत.

आता हा कान गेला होता. कधी गेला हे नक्की सांगता येत नव्हतं, कारण कान हा काही दातासारखा पडून हातात येत नाही. घरी बायकोच्या ध्यानात यायला तर फारच वेळ लागला. नवरा आपलं ऐकत नाही, यात बातमी ती काय? लग्न झाल्यापासून ते असंच चाललं होतं. न ऐकणं आणि ऐकू न येणं यांतला फरक तिला कळला तो कुकरने शिट्ट्यांवर शिट्ट्या मारून स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं, आणि हे शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत राहिले, तेव्हा. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर उस्ताद म्हणाले की त्यांना सगळं ऐकू येतं, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

गॅरेजात ही गोष्ट फक्त त्यांच्या मुलीला ठाऊक होती. निदान मुलीची तशी समजूत होती.

मुलीला गॅरेजात सगळे ताई म्हणत. तिच्याहून वयाने मोठे असलेले वायरमन आणि डेंटरही ताईच म्हणत. शिक्षण इंजिनियरिंगचं झालेलं, नोकरी एका मोठ्या कंपनीत लागून सुटलेली, आणि मग ‘थोडे दिवस’ म्हणून वडिलांच्या गॅरेजात आली ती आलीच. गॅरेजात तीही वडिलांना उस्ताद म्हणे. बाबा हा शब्द घरी, हातपाय धुतल्यावर.

ती उस्तादांचा कान कशी झाली, तेही तिच्या नकळत घडलं होतं. एकदा ती टॉर्च धरून इंजिनाच्या पलीकडे, उस्तादांच्या बरोबर समोर उभी होती. गॅरेज गप्प झालं होतं. उस्तादांनी डिस्ट्रिब्युटर फिरवला आणि ते ‘झालं’ म्हणणार, इतक्यात त्यांनी वर पाहिलं. इंजिन तर चांगलंच अडखळत होतं. तिने काही न बोलता मान अगदी किंचित, नाही अशी हलवली. उस्तादांचा हात थांबला. तो परत फिरू लागला. ते खाली बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. आवाज सुरळीत झाल्यावर तिने मान खाली केली. “झालं,” उस्ताद म्हणाले आणि हात पुसायला निघून गेले.

त्या दिवसापासून ती समोर उभी राहू लागली. टॉर्च लागो न लागो. दोघं याविषयी कधीच बोलले नाहीत. घरी नाही, गॅरेजात नाही, बापलेक एकाच स्कूटरवरून येत-जात असत तेव्हाही नाही. काही घरांत लोक एकमेकांना मिठ्या मारतात. या घरात डिस्ट्रिब्युटर फिरवताना मान हलवत.

तरीही तिला एक धास्ती होती, आणि ती दिवसागणिक वाढत होती. एखाद्या दिवशी ती तापाने पडेल, बँकेत अडकेल, शिंक येऊन डोळे मिटेल, आणि त्या मिनिटभराच्या शांततेत सगळ्यांसमोर उस्ताद रडत्या इंजिनाला ‘झालं’ म्हणतील. मग लोक हसणार नाहीत, ते परवडलं असतं. लोक कीव करतील. गाड्या येत राहतील, पण ‘म्हातारा बिचारा’ म्हणून येतील. उस्तादांकडे त्या कानाखेरीज दुसरी काही इस्टेट नव्हती. गॅरेजची जागासुद्धा भाड्याची होती.

म्हणून प्राचार्यांची गाडी तिसऱ्यांदा चौकात बंद पडून ढकलत आणावी लागली, तेव्हा ताईला त्यात संकट दिसलं नाही, सुटका दिसली.

प्राचार्यांची गाडी जुनी होती आणि प्राचार्यांइतकीच स्वतःला सांभाळून असे. तिच्यात एकच कॉइल. ती ठिणगीसाठी वीज तयार करणार आणि डिस्ट्रिब्युटर नावाचा डबा आतल्या आत गोल फिरून ती वीज चार प्लगांना आळीपाळीने वाटणार. घरातल्या एकाच माणसाच्या कमरेला सगळ्या किल्ल्या असाव्यात, तसा कारभार. डब्याच्या झाकणाला तडा गेला होता. चांगलं झाकण बाजारात मिळेनासं झालं होतं, आणि जे मिळत होतं ते हवेत जरा ओल आली की फितूर होत होतं. ताईने सुचवलं, की डिस्ट्रिब्युटरचं काम काढूनच घेऊ. चार प्लगांना चार स्वतंत्र कॉइल बसवू. कोणी कोणाला विचारायला नको. कुठल्या प्लगला कधी ठिणगी द्यायची ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवेल. पुलीला दातेरी चकती लावायची, तिच्यासमोर एक सेन्सर, म्हणजे इंजिन कुठवर फिरलंय ते त्याला समजेल. टायमिंग आपोआप. हाताने फिरवायला काही उरणारच नाही.

कानानेही ऐकायला काही उरणार नाही, हे ती बोलली नाही.

प्राचार्यांना कल्पना आवडली. त्यांना त्यात एकत्र कुटुंबाचं विघटन, व्यक्तिस्वातंत्र्य आणि मध्यवर्ती सत्तेचा अस्त, असं सगळं दिसलं, आणि ते त्यांनी उभ्या उभ्या समजावून सांगितलं. वायरमनने मध्येच विचारलं, की म्हणजे करायचं की नाही? प्राचार्य म्हणाले, इतिहासाची गती कोणाला रोखता आली आहे? वायरमनने ते ‘हो’ असं धरलं आणि गाडी आत घेतली.

उस्तादांना मात्र हे सांगायला ताईला संध्याकाळ लागली. स्कूटरवर मागे बसून सांगण्यात अर्थ नव्हता. घरी जेवणं झाल्यावर ती त्यांच्या समोर बसली आणि ओठ दिसतील असं सावकाश बोलली. उस्तादांनी सगळं ऐकून, म्हणजे पाहून, घेतलं. मग ताटाच्या कडेचं मीठ बोटाने गोळा करत त्यांनी विचारलं, की तिला कंटाळा आला आहे का.

कशाचा, असं तिने विचारलं. विचारता विचारताच तिला कळलं.

“उभं राहण्याचा,” उस्ताद म्हणाले.

तिने नाही म्हटलं. खरंच नाही म्हटलं. पण हे बोलणं एवढ्या वर्षांत प्रथमच इतक्या जवळ येऊन ठेपलं होतं, की दोघांनाही भीती वाटली आणि दोघंही कॉइलवर घसरले. उस्ताद म्हणाले, लोकांनी चंद्रावर जावं, कॉइली बसवाव्यात, त्यांची हरकत नाही. फक्त दोन गोष्टी. एक नंबरच्या सिलिंडरची खूण ते स्वतः काढून देतील. आणि शेवटी कान त्यांचाच लागेल. कॉम्प्युटरने लावलं असलं तरी काय झालं, कॉम्प्युटरलाही कोणीतरी ‘झालं’ म्हणायला हवंच की.

आई आतून म्हणाली, की या घरात ‘झालं’ एवढंच म्हणतात, करत कोणी नाही. भांडी तशीच पडली आहेत. उस्तादांना ते ऐकू आलं नाही. पूर्वीही आलं नसतं.

काम सुरू झालं. डिस्ट्रिब्युटर अख्खा काढून टाकता येत नव्हता, कारण त्याचाच दांडा खाली इंजिनाचा ऑइल पंप फिरवत होता. म्हणून वायरमनने वरचा भाग कापून टाकला आणि धड तेवढं ठेवलं. त्या धडात, एक नंबरच्या सिलिंडरची पाळी ओळखणारा, दुसरा एक लहान सेन्सर बसवायचा होता. वायरमन म्हणाला, साहेबांसारखंच झालं की हे, खुर्ची गेली पण समित्यांवर आहेत अजून. प्राचार्य तेव्हा तिथे नव्हते, म्हणून सगळे मोकळेपणाने हसले. उस्तादही हसले. वायरमन काय बोलला ते त्यांना कळलं नव्हतं, पण बाकीचे हसताना दिसत होते.

गाडी चालू करून बघायच्या दिवशी प्राचार्य इस्त्रीचा शर्ट घालून आले. सोबत शेजारचे एक पेन्शनर होते. चहा आला. समोरच्या सलूनमधला न्हावीही गिऱ्हाइकाला साबण लावून ठेवून दारात येऊन उभा राहिला. तशी गर्दी नव्हती, पण बातमी पसरायला गर्दी लागत नाही. प्राचार्य एकटे पुरत.

आधी एक नंबर काढायचा होता. म्हणजे काय, तर पहिल्या सिलिंडरमधला दट्ट्या हवा दाबून अगदी वर येतो तो क्षण पकडायचा, आणि तिथे त्या धडातला सेन्सर पक्का करायचा. पुलीवर एक खूण असते. ती जुळली की दट्ट्या वर आला. गोम अशी, की एका चक्रात दट्ट्या दोनदा वर येतो आणि खूण दोनदा जुळते. एकदा हवा दाबताना, एकदा जळका धूर बाहेर ढकलताना. दोन्हींत फरक ओळखायला साधे मेकॅनिक प्लगच्या भोकावर अंगठा धरतात. हवा दाबली जाते तेव्हा अंगठा उचलला जातो. उस्तादांनी आयुष्यात अंगठा धरला नव्हता. अंगठा सगळेच धरतात. ते भोकाशी कान नेत आणि ‘फुस्स’ ऐकत.

डेंटरने पान्याने इंजिन हळूहळू फिरवायला घेतलं. उस्ताद वाकले. खूण जुळली. फुस्स झालं की नाही झालं, हे उस्तादांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी नेहमीप्रमाणे वर, समोर पाहिलं.

ताई समोर होती, पण तिचं लक्ष बाजूला होतं. वायरमन डॅशबोर्डखाली उताणा पडून विचारत होता, की लाल वायर थेट बॅटरीवर घेऊ ना? ताईने मान डोलावली.

“इथंच धर,” उस्ताद डेंटरला म्हणाले, आणि त्यांनी सेन्सर आवळून टाकला.

ताईने वळून पाहिलं तेव्हा बोल्ट घट्ट झाला होता आणि उस्ताद हात पुसत होते. तिला वाटलं, आज त्यांनी अंगठा लावला असणार. एकदाचा लावला, तिला बरं वाटलं. विचारावं असं तिच्या मनात आलं, पण इतक्या लोकांसमोर ते कसं विचारायचं? ती लॅपटॉप ठेवला होता त्या बाकाकडे गेली. गाडी चालू होताना कोणीतरी पडद्यावरचे आकडे बघायला हवे होते. इंजिनापलीकडची तिची रोजची जागा रिकामी राहिली. आज तिथे उभं राहायची गरज नाही, याचंच तर सगळं समाधान होतं.

किल्ली फिरवण्याचा मान प्राचार्यांनी मागून घेतला आणि ते आत जाऊन बसले. वायरमनने कंप्रेसर बंद केला आणि तो पुन्हा डॅशबोर्डखाली शिरला. ग्राइंडर थांबला. डेंटरने हातोडा खाली ठेवला. रेडिओ बंद झाला. पेन्शनरांनी पेला ओठांपासून दूर धरला. उस्तादांनी डोळे मिटले आणि कान इंजिनावर नेला. एवढी शांतता पसरली, की न्हाव्याच्या दुकानातला नळ गळताना ऐकू येत होता.

प्राचार्यांनी किल्ली फिरवली. स्टार्टर दोनदा कण्हला, आणि मागे सायलेन्सरमधून तोफ सुटली.

बार म्हणावा असा तो बार होता. पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली. पेन्शनरांच्या हातातला पेला फरशीवर फुटला. डेंटर खाली बसला, वायरमनचं डोकं डॅशबोर्डला आपटलं, आणि न्हावी दारातून असा नाहीसा झाला की जणू तो कधी नव्हताच. प्राचार्यांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. इतिहासाची गती त्यांना बहुधा एवढ्या जवळून अपेक्षित नव्हती. गाडीच्या मागून काळा धूर सावकाश वर चढत होता.

उस्ताद तसेच वाकलेले होते. डोळे मिटलेले, कान इंजिनाशी, चेहऱ्यावर ऐकणाऱ्या माणसाची ती जुनी तल्लीनता.

“पकडतेय,” ते म्हणाले. “मारा अजून एकदा.”

कोणीच किल्ली फिरवली नाही. उस्ताद क्षणभर वाट पाहत राहिले आणि मग त्यांनी डोळे उघडले. त्यांना खाली बसलेला डेंटर दिसला. फुटलेली काच दिसली. धूर दिसला. आपल्याकडे बघणारे चेहरे दिसले, आणि माणसं असं कधी बघतात हे समजायला कान लागत नाही. मग त्यांनी इंजिनाच्या पलीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

ताईला बाकापासून तिथवरचं अंतर चालायला फार वेळ लागल्यासारखं वाटलं. ती जाऊन तिच्या जागी उभी राहिली. काय झालंय ते तिला चालता चालताच उमगलं होतं: ती लाल वायर, आणि ती मान.

“तू मान हलवलीस,” उस्ताद म्हणाले. तक्रार नव्हती. ते फक्त पडताळून पाहत होते.

“ती त्याला होती. वायरीसाठी.” तिने ओठ नीट हलवून पुन्हा एकदा सांगितलं, “तुम्हाला नव्हती, बाबा.”

“मग मला?”

“तुमच्याकडे मी पाहिलंच नाही.”

उस्तादांनी मान डोलावली. गॅरेजात तिने त्यांना बाबा म्हटलं होतं, हे बाकीच्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्या आलं की नाही कोण जाणे. एवढ्यात प्राचार्य गाडीतून उतरले होते आणि तावातावाने काहीतरी विचारत होते. हे असं व्हायचं असतं का, जुनं तेच बरं नव्हतं का, असंच काहीतरी असणार. उस्तादांना त्यांचं फक्त तोंड हलताना दिसत होतं. एरवी त्यांनी हसून मान हलवली असती. इतकी वर्षं प्राचार्यांच्या बोलण्याला तेवढंच पुरत आलं होतं. या वेळी ते त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“साहेब, मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही काय म्हणताय ते जरा सावकाश सांगा.”

अशा प्रसंगी म्हणायचं वाक्य प्राचार्यांकडे नव्हतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला, आणि अखेर सावकाश, शब्द सुटे सुटे करून म्हणाले, की काही नाही, चालू द्या.

चूक दुरुस्त करायला, म्हणजे ठिणगी धुराच्या खुणेवरून हवेच्या खुणेवर आणायला, सेन्सर काढावासुद्धा लागला नाही. लॅपटॉपमध्ये नेमक्या याच चुकीसाठी एक चौकट दिलेली होती. जगभर लोक ही चूक इतक्या वेळा करत असावेत, की कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी ती गृहीतच धरली होती. ताईने चौकटीत बरोबरची खूण केली. किल्ली या वेळी वायरमनने फिरवली, आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. चार कॉइली कोणाला न विचारता, न भांडता आपापल्या प्लगला ठिणग्या देऊ लागल्या. आवाज इतका सपाट होता, की त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं.

सवयीने सगळं बंदच होतं. कंप्रेसर, ग्राइंडर, रेडिओ. सगळे सवयीनेच उस्तादांकडे पाहू लागले. उस्ताद वाकले नाहीत. त्यांनी मडगार्डवर तळहात टेकला आणि ताईकडे पाहिलं.

“तू ऐक,” ते म्हणाले.

ती वाकली. ऐकण्यासारखं काहीच नव्हतं, तरी तिने नीट ऐकलं. मग सरळ उभी राहून म्हणाली, बरोबर आहे.

“कोण म्हणतंय? तू, की तो?” त्यांनी लॅपटॉपकडे हनुवटी केली.

“दोघं.”

“मग झालं,” म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने बॉनेट खाली केलं आणि ते नळावर हात धुवायला गेले. नेहमीपेक्षा जास्त वेळ धूत राहिले. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं; म्हणजे सगळे दुसरीकडे बघण्याचं काम मन लावून करत होते.

गाडी घेऊन प्राचार्य गेले. जाताना त्यांनी काच खाली करून ताईला सांगितलं, की तिचे वडील फार मोठे मनुष्य आहेत. यापुढे ते हे सगळीकडे सांगणार, आणि काय काय सांगणार, याचा तिने मनातल्या मनात अंदाज केला. आश्चर्य म्हणजे तिला धास्ती वाटली नाही. जे फुटायचं ते एका बारात फुटून गेलं होतं. पण धास्ती गेलेल्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. आपण बापाला वाचवायला गेलो आणि त्यासाठी त्याच्याकडे पाठ केली, नेमकी तेव्हाच. इतक्या वर्षांत एकदाच.

संध्याकाळी बाकीचे गेले. उस्ताद बाहेर स्कूटरवर बसून तिची वाट बघत होते. वायरमन उरलेल्या वायरी गुंडाळत होता. कपाळावर टेंगूळ आलं होतं आणि त्याचा त्याला थोडासा अभिमानही वाटत असावा. ताई त्याच्याजवळ गेली. तिला कोणाला तरी सांगायचंच होतं. तिने सांगितलं, की किती वर्षांपासून बाबांना ऐकू येत नाही, ती समोर का उभी राहते, मान कशी हलवते, आणि आज ती मान कशी चुकीच्या माणसाला गेली. आजवर या गॅरेजातून बाहेर पडलेल्या गाड्यांना खरं तर तिचा कान लागला होता, हेही तिने सांगितलं.

वायरमनने वायर गुंडाळणं थांबवलं नाही. ते सगळ्यांना माहीत आहे, तो म्हणाला. डेंटरला, चहावाल्याला, सगळ्यांना. मग थोडं अवघडून त्याने पुढे सांगितलं, की ताईंनी राग मानू नये, पण त्यांचा कानही काही फारसा बरोबर नव्हता. त्या नेहमी टायमिंग जरा पुढे ठेवायच्या. गाडी चढावर ठोके मारायची आणि गिऱ्हाईक याच्याकडे येऊन कटकट करायचं. म्हणून उस्ताद हात धुवायला आणि ताई बिल करायला गेल्या की तो टायमिंग लाइट लावून बघायचा आणि डिस्ट्रिब्युटर केसभर मागे घ्यायचा. जवळजवळ प्रत्येक गाडीला.

टायमिंग लाइट म्हणजे पिस्तुलासारखा दिवा. प्लगच्या वायरीला चिमटा लावून पुलीवर रोखला, की चालत्या इंजिनात ती खूण थांबलेली दिसते. गॅरेजात असला दिवा ताईने कधी पाहिला नव्हता. उस्ताद दिव्याने टायमिंग बघणाऱ्यांना आंधळे म्हणत.

तिने विचारलं, बाबांना हे ठाऊक आहे का.

“दिवा त्यांनीच आणून दिला ना,” वायरमन म्हणाला. “तुम्ही समोर उभ्या राहायला लागायच्या कितीतरी आधी. म्हणाले, मी हात धुवायला गेलो की बघून घेत जा.”

तिने दिवा बघायला मागितला. त्याने तो कंप्रेसरच्या मागून काढून दिला. चालत होता, फक्त एक चिमटा नीट धरत नव्हता, त्याला रबर गुंडाळलं होतं.